खुर्चीतून उठायचं ठरतं, पण उठणं होत नाही: कुठे अडतंय ते असं शोधा

तक्रार ठरलेली असते. आठवड्याची सुरुवात जोरात होते. बैठ्या कामातून मध्ये मध्ये उठायचं म्हणून फोनमध्ये दर तासाचा रिमाइंडर, टेबलावर पाण्याची मोठी बाटली, हाताला पावलं मोजणारा बँड. दोन-चार दिवस बरे जातात. मग एखादं तातडीचं काम येतं आणि संध्याकाळी मान वर केल्यावर लक्षात येतं की जेवणानंतर आपण एकदाही उठलेलो नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच निश्चय आणि पुन्हा तोच शेवट.

असं वारंवार होत असेल तर 'माझ्यातच चिकाटी नाही' हे निदान बाजूला ठेवा. ते बऱ्याचदा चुकीचं असतं, आणि बरोबर असलं तरी त्यावर लगेच करता येण्यासारखं काही नसतं. बिघाड बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी असतो: उठायची आठवण घड्याळाला बांधलेली असते आणि काम घड्याळाप्रमाणे चालत नाही. कामाला स्वतःचे सांधे असतात. कॉल संपला, मेल गेला, फाईल बंद झाली. उठणं या सांध्यांना जोडलं तर टिकतं. मधल्या वेळेत जबरदस्तीने घुसवलं तर चार दिवसांत गळून पडतं.

आधी तीन दिवसांची नोंद

उपायांकडे जाण्याआधी एक कागद टेबलावर ठेवा. खुर्चीतून उठलात की फक्त वेळ लिहा. १०.२०, ११.०५, १.१०, एवढंच. दिवसाअखेर बेरीज करत बसू नका, दोन वेळांमधली अंतरं बघा. बैठं काम म्हटल्यावर एकूण बसण्याचे तास जास्त येणारच, त्यातून काही कळत नाही. शोधायची आहे ती सर्वांत लांब सलग बैठक. पहिल्या दिवशीचे आकडे जरा बरे येतील, कारण लिहायच्या निमित्तानेच माणूस उठतो. म्हणून तीन दिवस.

कागदावर सहसा दोन-तीन मोठे पट्टे दिसतात. कुणाचा पट्टा सकाळी काम सुरू केल्यापासूनचा असतो, कुणाचा जेवणानंतरचा, तर कुणाचा संध्याकाळचा, 'एवढं संपवूनच उठतो' म्हणत लांबलेला. तुमचा पट्टा कोणता त्यावर उपाय ठरतो. खाली दिलेलं सगळं एकदम लावायला जाऊ नका. सर्वांत लांब पट्टा घ्या आणि त्याच्यावरच एक गोष्ट लावून बघा.

रिमाइंडर वाजतो, बोट तो बंद करतं, काम चालूच राहतं

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार, म्हणून इथे जरा थांबू.

रिमाइंडर वाजतो तेव्हा आपण बहुतेक वेळा वाक्याच्या किंवा हिशेबाच्या मध्यात असतो. त्या क्षणी उठण्याची किंमत पायांना पडत नाही, डोक्याला पडते. जमवून आणलेला धागा तुटेल ही भीती असते आणि ती खरीही असते. म्हणून आपण 'दोन मिनिटांत उठतो' म्हणतो. असं काही वेळा झालं की बोट आपसूक अलार्म बंद करायला शिकतं, डोक्याला न विचारता. नंतर तो आवाज कानावर पडतो, पण पोचत नाही. आवाज बदलून किंवा रिमाइंडरची संख्या वाढवून फरक पडतो तो दोन दिवसांपुरता.

यावर दोन गोष्टी कराव्या लागतात, आणि दोन्ही एकत्र.

पहिली म्हणजे आठवण घड्याळावरून काढून घटनेवर टाका. 'दर तासाला उठेन' ऐवजी 'फोन ठेवला की उभा राहीन', 'मेल पाठवला की खिडकीपर्यंत जाईन', 'फाईल अपलोड व्हायला लागली की खुर्ची सोडेन'. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात अशा 'जर-तर' पद्धतीच्या निश्चयांवर बरंच काम केलं. नुसतं 'मी हे करणार' ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करणार' असं ठरवलेलं जास्त पार पडतं, असं त्यातून दिसलं. कारण साधं आहे. घटना घडली की आठवण आपोआप समोर येते आणि तेव्हा डोकं कशाच्याही मध्यात नसतं.

दुसरी म्हणजे उठण्याआधी पुढची पायरी कागदावर लिहा. पाच-सात शब्द पुरतात: 'तिसऱ्या रकान्याची बेरीज तपासायची', 'दुसऱ्या परिच्छेदात उदाहरण'. परत आल्यावर धागा कुठे होता ते शोधावं लागत नाही, त्यामुळे उठण्याची भीती जाते. माझ्या मते या सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. न उठण्यामागे आळस कमी आणि धागा तुटण्याची धास्ती जास्त असते.

काही कामांना सांधेच नसतात. नोंदी भरणं, लिप्यंतर, चित्रांवरचं बारीक काम, लांबलचक कोड. तिथे सांधा स्वतः घालावा लागतो, पण तोही वेळेचा नको, कामाच्या मापाचा हवा: इतक्या नोंदी, इतकी पानं, एक फंक्शन. माप असं ठेवा की साधारण अर्ध्या तासात ते पुरं होईल. आणि अलार्म लागतच असेल तर तो हाताच्या अंतरावर न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे बंद करायला तरी बूड हलेल.

उठलो, पण करायचं काय?

हा प्रश्न उघड विचारला जात नाही, पण अडतं इथेही. माणूस उठतो, कोपऱ्यात उभा राहून फोन बघतो आणि परत बसतो.

चाला. बाकी सगळं त्यानंतर. २०१२ साली डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगात जास्त वजनाच्या प्रौढांना दर २० मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावलं. सलग बसलेल्या दिवसाच्या तुलनेत त्यांच्या रक्तातली साखर आणि इन्शुलिन, दोन्हींची पातळी खाण्यानंतर कमी राहिली. चालणं हळू होतं की मध्यम वेगाचं, याने फारसा फरक पडला नाही. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात वेगवेगळी अंतरं तपासली गेली. त्यात साखरेवर ठळक परिणाम दिसला तो दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालण्याचा. रक्तदाब मात्र तासाला एक मिनिट चालूनही काहीसा उतरला. त्या प्रयोगात माणसं अकराच होती, त्यामुळे 'दर तीस मिनिटांनी पाच' हा दगडावरचा आकडा समजू नका. ज्यांना अर्ध्या तासाला पाच मिनिटं काढणं शक्य नाही त्यांनी तासाला दोन काढावीत, ती वाया जात नाहीत.

हे घडतं कसं, तेही समजून घ्या, म्हणजे कोणती हालचाल निवडायची ते आपलं आपल्याला ठरवता येतं. शरीरातले मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांमध्ये आहेत. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि या कामासाठी त्यांना इन्शुलिनवर पूर्ण अवलंबून राहावं लागत नाही. पोटऱ्यांच्या आकुंचनाने पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासभर पाय स्थिर राहिले की हा पंप जवळपास बंद असतो. म्हणून मान डावी-उजवीकडे वळवणं मानेला बरं वाटायला ठीक आहे, पण त्याला 'उठलो' म्हणून मोजू नका. चालायला जागाच नसेल तर खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, किंवा टेबलाला धरून टाचा वर-खाली करा. कामाची माणसं आजूबाजूला असताना टाचा उचलणं कुणाच्या लक्षातही येत नाही.

जेवणानंतरचा पट्टा लांब असणाऱ्यांनी चालणं तिथेच लावावं. साखर चढायची वेळ ती, आणि झापड यायचीही तीच.

मीटिंगला मीटिंग लागून असते

इथे सांधे असतात, पण कॅलेंडरने ते बुजवलेले असतात. एकची मीटिंग दोनला संपते आणि दोनची दोनलाच सुरू होते. त्यामुळे दुरुस्ती कॅलेंडरमध्येच करायची. गूगल कॅलेंडरमध्ये 'स्पीडी मीटिंग्ज' नावाचं सेटिंग आहे. ते सुरू केलं की तुम्ही ठरवलेली अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची होते. आउटलुकमध्येही मीटिंग आपोआप आखूड करण्याची सोय आहे. अर्थात हे तुम्ही बोलावलेल्या मीटिंगपुरतं चालतं. दुसऱ्यांनी बोलावलेल्यांवर तुमचा ताबा नाही, आणि कागदावर २५ मिनिटं लिहून प्रत्यक्षात ३५ मिनिटं बोलणारे लोक सगळीकडे असतात.

मग उरतात त्या ऐकण्याच्या मीटिंग. आठवड्याच्या मीटिंगची यादी समोर घेऊन प्रत्येकीपुढे 'बोलायचं', 'दाखवायचं' किंवा 'ऐकायचं' असं लिहा. तिसऱ्या प्रकारातल्या मीटिंगसाठी बिनतारी हेडसेट लावा आणि उभे राहा, खोलीत फेऱ्या मारा. कॅमेरा लागतो म्हणून उठत नसाल तर पहिली दहा मिनिटं कॅमेरा चालू ठेवून नंतर बंद करायची परवानगी बहुतेक ठिकाणी मिळते, विचारून बघावं लागतं एवढंच. समोरासमोरच्या बैठकीत दाराजवळची किंवा मागची जागा धरा आणि सुरुवातीलाच सांगून टाका, 'पाठ धरते, मध्ये थोडा वेळ उभा राहीन.' कुणी काही म्हणत नाही. उलट पुढच्या वेळी आणखी कुणीतरी उभं राहिलेलं दिसतं.

उठलो तर साहेबांना काम टाळतोय असं वाटेल, ही धास्ती याचीच बहीण. हातात कागद घेऊन चालणाऱ्या माणसाला कुणी हटकत नाही. आणि तुम्हीच साहेब असाल तर आधी तुम्ही उठा, बाकीचे मग मोकळेपणाने उठतील.

सकाळी व्यायाम करतो, तरी हे लागतंच का?

२०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उल्फ एकेलुंड आणि सहकाऱ्यांचं दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेलं विश्लेषण आलं. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये लवकर मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल करणाऱ्यांमध्ये जवळपास दिसेनासा झाला होता. म्हणजे रोज तासाभराहून जास्त झपझप चालणं किंवा सायकल होत असेल तर बसण्याची फार धास्ती घेऊ नका. अर्धा तास होत असेल तर तो धोका कमी करतो, पुसून टाकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगतात, आणि सोबत बसणं कमी करा हेही सांगतात.

आखडलेली पाठ आणि जड झालेले पाय हा मात्र वेगळा हिशेब आहे. सकाळी सातला धावून आलात म्हणून दुपारी तीनला कंबर आखडायची थांबत नाही. ती त्या क्षणी किती वेळ एकाच स्थितीत आहे तेवढंच बघते.

उभं राहायचं टेबल घेतलं, आता ते खालीच असतं

टेबलाचा उपयोग होतो, पण कशासाठी होतो ते आधी स्पष्ट हवं. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला फक्त ०.१५ कॅलरी जास्त खर्च होतात, असा २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष आहे. तासाला नऊ. वजन उतरवायला म्हणून टेबल घेतलं असेल तर निराशा ठरलेली. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अशा टेबलांमुळे कामावरचं बसणं सुरुवातीला दिवसाला सुमारे १०० मिनिटांनी घटलेलं दिसतं, पण नंतरच्या महिन्यांत हा फरक कमी होत जातो. तुमचं टेबल खालीच राहत असेल तर तुम्ही एकटे नाही.

ते खाली राहण्यामागे बऱ्याचदा क्षुल्लक कारण असतं. वर उचलायचं तर तारा ताणतात, पाण्याचा पेला कलंडेल असं वाटतं, स्क्रीनची उंची जमत नाही. तारा लांब घ्या, टेबल मोकळं ठेवा, आणि उभं असताना कोपर साधारण काटकोनात व स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल अशी उंची एकदाच ठरवून खूण करून ठेवा. मग टेबल वर करणंही एखाद्या सांध्याला बांधा. कॉल आला की वर, कॉल संपला की खाली.

पण तासन्‌तास उभं राहू नका. स्थिर उभं राहण्याने पाय सुजतात, कंबर दुखते, शिरा फुगण्याचा त्रास असेल तर तो वाढतो. या विषयावरच्या सगळ्यात जुन्या पुराव्याचीही लोक इथेच गल्लत करतात. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त आढळला आणि वाहकांमध्ये कमी. यावरून 'उभं राहणं चांगलं' असं सांगितलं जातं. पण वाहक उभा नव्हता, तो दुमजली बसच्या पायऱ्या दिवसभर चढत-उतरत होता. (मॉरिसनेच १९५६ मध्ये गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालकांची कंबर नोकरीला लागतानाच रुंद होती असं दिसलं. म्हणजे फरकाचा थोडा भाग आधीपासूनचाच होता. इतका प्रामाणिक संशोधक विरळा.)

घरून काम सुरू झालं आणि पावलं गायब झाली

जाणं-येणं, जिने, दुसऱ्या विभागापर्यंतची चाल, हे सगळं नकळत होत होतं. घरी सगळं हाताशी आहे आणि तीच अडचण आहे. उपाय म्हणजे सोय मुद्दाम बिघडवा. मोठी बाटली काढून छोटा पेला ठेवा, तो भरायला उठावंच लागतं. चार्जर दुसऱ्या खोलीत, कचऱ्याची टोपली दाराजवळ, आणि फोनवर बोलायची जागा कामाच्या टेबलापासून वेगळी. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर दहा मिनिटं बाहेर चालून या, कामावर निघाल्यासारखं. संध्याकाळची फेरी सोफ्यावर टेकण्याआधीच झाली पाहिजे. एकदा टेकलं की संपलं.

संध्याकाळी अंग आंबल्यासारखं वाटतं, पण दिवसभर दमलेलं असतं ते डोकं. 'आता व्यायामाचा तास कुठून काढू' या विचाराने अडत असाल तर तास हवाच असं नाही. सलग दहा मिनिटांची हालचाल असेल तरच मोजायची, ही अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांतून काढून टाकली. एक जिना जोरात चढणं, बसथांब्यापर्यंत झपझप जाणं, हे सगळं धरलं जातं.

बँड म्हणतो आज कमी, आणि मग सोडूनच देतो

दहा हजार पावलांचं उद्दिष्ट १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झालं, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून नाही. फायदा त्याच्या खूप आधी सुरू होतो. बैठ्या माणसाने आजच्या आपल्या आकड्यावर हजार-दोन हजार चढवले तरी ती खरी भर आहे. शिवाय मनगटावरचा बँड हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतो. कठडा धरून जिना चढलात किंवा ट्रॉली ढकलत चाललात तर काही पावलं तो गिळतो.

सवय किती दिवसांत लागते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. बँडवरची सलग दिवसांची साखळी तुटली की मन खट्टू होत असेल तर ते दाखवणं बंद करा.

शरीरच नको म्हणत असेल तर

गुडघे दुखतात, गरोदरपण आहे, चाकाच्या खुर्चीवर आहात, तर उठणं हाच एकमेव मार्ग नाही. बसून एकेक पाय सरळ करणं, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं, खांदे आणि हात फिरवणं, यातलं जे जमेल ते त्याच सांध्यांना जोडा.

काही लक्षणं मात्र या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. एकाच पोटरीला सूज, दुखणं आणि ऊब, चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, अचानक लागलेला दम, पायातली ताकद कमी होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं. यातलं काहीही असेल तर उठबशा बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

जमलं होतं, पण परत बिघडलं

नवा प्रकल्प आला, जागा बदलली, टीम बदलली की जुने सांधे नाहीसे होतात. ज्या रोजच्या कॉलनंतर तुम्ही उठत होता तो कॉलच आता होत नाही. अशा वेळी निश्चय जास्त कडक करून उपयोग नाही. कागद पुन्हा टेबलावर ठेवा, तीन दिवस उठण्याच्या वेळा लिहा आणि नवा पट्टा कुठे तयार झालाय ते बघून त्याच्या मधोमध येणारी एखादी नवी घटना निवडा. तशी घटना सापडतच नसेल तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी ठरवून टाका: तो उठला की तुम्ही, तुम्ही उठलात की तो.